चिनी कागद, कुरडईचा चीक

डिंडोली, सुरत
रविवार, २८ जानेवारी २०२४

वहिनी,

पाया पडतो.

आधी 'तुम्ही' धरून दोन ओळी लिहिल्या होत्या. तो कागद बाजूला ठेवला. नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून तुला अगंतुगं केलंय, आता एकदम तुम्ही म्हणालो तर तुला वाटेल पोस्टमननं दुसऱ्याचं पत्र टाकलं. पत्र योगराजचं आहे.

इकडे सगळे ठीक. माझी बायको जयश्री बरी आहे, मुलगी चौथीत आहे. माय भादव्यात गेली, ते तुला शेजारच्या उखाकडून कळलंच असेल. झोपेत गेली, हाल झाले नाहीत. नवापूरचा तुझा पत्ता उखानंच दिला. फोन नंबरही दिला होता. तीनदा लावायला घेतला, पण समोरून 'कोण?' असं आलं असतं तर मला पुढे बोलता आलं नसतं. पत्राचं बरं असतं. तू अर्ध्यात फाडून टाकलंस तरी मला दिसणार नाही.

शालिग्रामभाऊंना नमस्कार. रेल्वेतून रिटायर झाले असं ऐकलं.

पत्राला कारण आहे. तुला खळीचं विचारायचं आहे. पण आधी मी काय काम करतो ते सांगायला हवं, म्हणजे एवढ्या वर्षांनी हा खळीचं का विचारतो ते तुला समजेल.

दादा गेल्यावर, तो राबायचा त्या उधन्याच्या मिलच्या दारात पाय ठेवावासा वाटला नाही. मी भिंतींना वॉलपेपर लावतो. वेसूकडे, पालकडे नवी बिल्डिंग उभी राहिली की आम्हाला बोलावतात. देवघरामागे कमळं, पोरांच्या खोलीत कार्टून, हॉलमध्ये खोट्या विटा. हे काम मला कुणी शिकवलं नाही. पहिल्या दिवशी मिस्तरीनं रोल हातात दिला आणि बघत राहिला. कागदाला खळ लावून मी लगेच भिंतीला नेला नाही, घडी करून दोन मिनिटं ठेवला. तो म्हणाला, "हे कुठं शिकलास?" मी म्हणालो, "पतंगात." तू म्हणायचीस ना, कागदाला आधी पिऊ दे, प्यायला की तो वाढतो, वाढायच्या आत चिकटवलास तर मग फुगे धरतो. ते.

तर डिसेंबरात एका कॉन्ट्रॅक्टरनं नानपुऱ्यातलं काम दिलं. जुनं पारशी घर, माडीवरचा दिवाणखाना. भिंतींवरचा जुना कागद खरवडून काढायचा आणि संगमरवरासारखा दिसणारा नवा लावायचा. पंधरा दिवसांत. घर खोरशेदबाईंचं. वय त्र्याऐंशी, लग्न केलेलं नाही, शाळेत भूगोल शिकवायच्या. खाली एका खोलीत राहतात. गुडघ्यांमुळे माडीवर गेल्या नव्हत्या कैक वर्षं. भाचा नवसारीला असतो, त्याला माडीचा हॉल साखरपुड्या-बारशांना द्यायचा होता.

वरचा कागद प्लास्टिकचा होता, नारिंगी गोळ्यांचा. बाईंच्या भावानं लावला होता पंचाहत्तर-शहात्तर साली. तो चादर ओढावी तसा निघाला. त्याखाली दुसरा होता, पिवळट, फरशीसारखी नक्षी आणि वर वॉर्निश, म्हणजे ओल्या फडक्यानं पुसता यावा असा. त्याखाली तिसरा, गडद हिरवा, वेलींचा. मी एका कोपऱ्यात त्याला पाणी मारलं, पातं घातलं, हिरवा पापुद्रा वर आला आणि खालून एक डोळा माझ्याकडे बघत होता.

पक्ष्याचा डोळा होता. मोहरीएवढा, पण त्यात पांढऱ्याचा ठिपका हातानं ठेवलेला. छापलेलं आणि हातानं काढलेलं यातला फरक उधन्याच्या साडी-मिलांजवळ वाढलेल्या माणसाला कुणी सांगावा लागत नाही. आणि कागद बोटाला लागला तेव्हा मला आपली ओसरी आठवली, उत्तरायणाच्या आधीचे दिवस, तुझ्यासमोर रचलेली पतंगाच्या तावांची चळत. तसा मऊ होता.

कॉन्ट्रॅक्टरला दाखवलं. तो म्हणाला, "मला पक्षी नको, भिंत पायजे. चालू ठेव." मी पातं खाली ठेवलं. तेव्हा मी फार मोठा विचार केला असं नाही. हात पुढं जाईना, एवढंच.

खाली जाऊन खोरशेदबाईंना सांगितलं. बाई कठड्याला धरून एकेक पायरी चढून वर आल्या. दहा-पंधरा मिनिटं लागली असतील. तो डोळा बघितला आणि तिथंच खाली बसल्या. गुजरातीत बोलल्या, मी आपल्या भाषेत लिहितो. म्हणाल्या, "माझी आजी सांगायची, या खोलीत पाखरं आहेत. आम्ही समजत होतो म्हातारीचं डोकं गेलं."

कॉन्ट्रॅक्टरनं दुसऱ्या दिवसापासून मला बोलावणं बंद केलं. बाईंनी मात्र सांगितलं, तू येत जा. त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या ओळखीनं बडोद्याहून मयुरीबेन म्हणून आल्या. जुन्या कागदांची दुरुस्ती हेच त्यांचं काम. त्यांनी भिंग लावून कोपरा न् कोपरा बघितला. मग म्हणाल्या, हा चिनी कागद आहे, दोनशे वर्षांचा तरी, आणि वाचू शकतो. पण तो उचलून पुन्हा बसवायला जी खळ लागते तिची पूड परदेशातून येते. दीड-दोन महिने. भाच्यानं होळीपर्यंतची मुदत दिली आहे. होळीपर्यंत भिंत उभी करून दाखवा, नाहीतर चुना फासतो.

मग मी बोललो. म्हणालो, माझी वहिनी एक खळ करायची.

तुला आठवतं? आपल्याकडे दोन खळी असायच्या. एक मैद्याची, बाजारच्या पतंगांना. आणि दुसरी पातळ, भारी पतंगांना, ती तू कुणाला करू द्यायची नाहीस. वाळल्यावर कागद ताठायचा नाही, पिवळा पडायचा नाही आणि माझी काडी तिरकी बसली तर तू ओलं बोट फिरवून ती अलगद सोडवायचीस. पातेल्यात दुधासारखं पाणी असायचं एवढंच मला आठवतं. ती कशाची होती? कशी करायची?

माझ्या लग्नाचं वगैरे तुला कळलंच आहे. ते राहू दे.

उत्तर नाही दिलंस तर मी समजेन. दिलंस तर उपकार होतील.

योगराज

•

डिंडोली, सुरत
रविवार, १० मार्च २०२४

वहिनी,

पाया पडतो. तुझं पत्र मिळालं तेव्हा मी कामावर होतो. जयश्रीनं फोन करून सांगितलं की नवापूरचा शिक्का आहे, उघडू का? मी म्हणालो नको. घरी येईपर्यंत गाडी दोनदा चुकीच्या गल्लीत घातली.

कुरडईचा चीक. मी कपाळाला हात लावला. घरात दरवर्षी बायको कुरडया घालते, पोरगी चीक वाटी-वाटी खाते, आणि मला कधी सुचलं नाही. तू लिहिलंस तसंच केलं. गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वाटले, फडक्यातून दोनदा गाळले. खाली बसलेला पांढरा चीक घेतला, वरचं पिवळं पाणी टाकून दिलं. मंद आचेवर, हात न थांबवता. मीठ नाही. किडीसाठी घालतात ते मोरचूदही नाही, तू बजावलंस तसं. गार झाल्यावर चाळणीतून दाबून काढला आणि सायीइतका पातळ केला. जयश्री म्हणाली, कुरडयांचा जीव घेतलात.

डबा घेऊन गेलो. मयुरीबेननी बोटावर घेतला, चोळला, काचेवर वाळवला, पुन्हा पाण्यानं सोडवला. मग विचारलं, "तुमच्या वहिनी कुठं शिकल्या?" मी म्हणालो, सातवीपर्यंत पिंपळनेरला, पुढं डिंडोलीच्या ओसरीवर. त्या म्हणाल्या, जपानात जुनी चित्रं दुरुस्त करणारे शेकडो वर्षं हीच खळ करत आलेत, गव्हाचा चिकटा धुऊन काढायचा आणि नुसतं सत्त्व ठेवायचं. "मी ती शिकायला दोन वर्षं घालवली," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्याकडे ती तळून खातात."

तुला हे सांगताना इतकं बरं वाटतंय. जे बघितलं ते सगळं सांगतो.

तो चिनी कागद भिंतीला चिकटवलेलाच नाही. भिंतीवर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांवर कापड ताणून खिळलेलं, कापडावर कागद. म्हणजे भिंत ओली झाली तरी ओल कागदापर्यंत जात नाही. ज्यानं केलं त्याला सुरतेचा पावसाळा माहीत होता. आणि माडीवर असल्यामुळे २००६ च्या रेलचं, तापीच्या पुराचं पाणीही पोचलं नाही. बाईंचे खापरपणजोबा गलबतानं चीनला व्यापाराला जायचे. काय विकायला जायचे ते मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "कापूस. आणि बाकीचं विचारू नकोस." येताना हा कागद आणला, पेटीत गुंडाळ्या घालून. खोलीच्या मापानं काढून घेतलेला. बांबू, फुलं, आणि इतके पक्षी की एकासारखा दुसरा नाही.

मयुरीबेन सांगत होत्या की तेव्हा विलायतेतल्या मोठ्या लोकांनाही या कागदाचं वेड होतं. भिंतीला गालिचा किंवा रेशीम लावणं परवडेना तेव्हा लोकांनी कागद लावायला सुरुवात केली. मग कागदच इतका भारी निघाला की लोक रेशीम विसरले. विलायती कागद लाकडी ठशांनी छापत. लांब रोल नव्हते, हातभर ताव जोडून जोडून पट्टा करायचे. ठसा कुठं टेकवायचा ते कळावं म्हणून कोपऱ्यात टाचणीची खूण. आपल्या घराशेजारी ते ठशांनी ओढण्या छापणारे होते ना, त्यांच्या ठशालाही तशीच टाचणी असायची. पुढं यंत्र आलं. मिलमधल्या साडीसारखा रूळ, प्रत्येक रंगाचा वेगळा. तेव्हापासून साध्या माणसाच्याही भिंतीला कागद आला.

तो हिरवा रुळाचाच. आणि त्याचीच गोष्ट वाईट आहे. मयुरीबेननी त्याचा तुकडा तपासायला पाठवला तेव्हा आम्हाला तोंडाला फडकं, हाताला मोजे घालायला लावले होते. त्या रंगात सोमल निघाला. विष. त्या काळी तो हिरवा फार चालायचा, विलायतेत घरोघरी होता आणि ओल धरली की त्यातून वास सुटायचा, माणसं आजारी पडायची. हे आम्ही खोरशेदबाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, त्यांच्या आजीची दोन धाकटी भावंडं या खोलीत झोपायची. लागोपाठ गेली. घरातले म्हणाले खोलीला काहीतरी आहे. दार कित्येक वर्षं बंद ठेवलं होतं, आणि त्यांची पणजी, म्हणजे त्या मुलांची आई, स्वतःला दोष देत मेली. मयुरीबेन म्हणाल्या, रंगामुळेच गेली असं आज ठाम सांगता येत नाही. बाई म्हणाल्या, "ठाम नको. असू शकतं, एवढं तिच्या कानावर जायला हवं होतं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढचं चांगलं आहे. हिरवा सगळा निघाला, जपून, मोज्यांनी. मग पक्ष्यांचा एकेक पट्टा कापडावरून सोडवला, मागून तुझी खळ लावून नवा पातळ कागद जोडला, आणि परत ताणला. कापड सोडवताना एकदा चर्र झालं, मी हात जागीच थांबवला, पण ते कापडच फाटलं होतं, कागद नव्हे. चौथ्या भिंतीला वाळवी लागलेली, तिचं फार काही उरलं नाही. तीन भिंती उभ्या राहिल्या. दाराशेजारी एक हातभर पट्टा आम्ही तसाच ठेवलाय, सगळे कागद एकावर एक दिसतील असा, नारिंगी गोळ्यांसकट. हिरव्यावर मात्र काच. मागच्या आठवड्यात भाचा आला. बघितलं, फोटो काढले, जिन्यावर बसून राहिला. मग मावशीला म्हणाला, साखरपुडे दुसरीकडे होतील.

मयुरीबेननी मला पुढच्या कामावरही घेतलंय. भरूचला एक घर आहे. त्यांच्या कागदपत्रात कारागीर म्हणून माझं नाव आहे, आणि खळीच्या रकान्यात तुझं. मी सांगितलं तसं त्यांनी लिहिलं: शोभाबाई, नवापूर.

वहिनी, ज्या हातानं आज मी माझं घर चालवतो तो तू घडवलास. तू आलीस तेव्हा मी बोरं चोरणारा, शाळा बुडवणारा पोरगा. मायला मिलच्या साड्यांच्या घड्या घालण्यातून वेळ नव्हता, दादाला दोन पाळ्या. तू मला शेजारी बसवून काड्या तासायला दिल्यास. बोट कापलं तर चिंधी बांधून पुन्हा काडीच दिलीस. दादा गेल्यावर तीन वर्षं पतंग करून मला दहावी-बारावी केलंस. याबद्दल मी तुला कधी एक शब्द बोललो नाही.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल. मी ती रोज वाचतोय. तू लिहिलंस, 'तुझ्या लग्नात सासूबाईंनी मला मांडवाच्या दारातून परत पाठवलं, त्याचा राग आता राहिला नाही. त्यांना समाजाचं भय होतं. गेलेल्या माणसावर कसला राग.'

मायनं तुला परत पाठवलं नव्हतं. मी पाठवलं.

उखा माझ्याकडे आला. मी फेटा बांधून बसलो होतो. तो म्हणाला, शोभावहिनी गेटवर उभ्या आहेत. मी म्हणालो, "तिला सांग, माय म्हणते आत येऊ नको." उखा म्हणाला, मायला विचारू का? मी म्हणालो, "सांगितलं तेवढं कर." त्यानं केलं. मायला काहीच माहीत नव्हतं. तुला बोलावणं तिनंच धाडलं होतं. पंगती उठल्यावर तिनं मला विचारलं, "शोभा उनी नही का रे?" मी म्हणालो, नाही आली. तुझ्यासाठी तिनं साडी घेऊन ठेवली होती. आहेराची. ती बारा वर्षं पेटीत आहे. माय प्रत्येक आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ती उन्हात घालायची आणि घडी मोडून पुन्हा घालून ठेवायची. मी बघायचो आणि बाहेर जायचो.

मला समाजाचं भय नव्हतं. तू शालिग्रामभाऊंशी लग्न केलंस तेव्हा मी बावीसचा बाप्या होतो, आणि मला वाटलं तू मला टाकून गेलीस. तुला बत्तिसाव्या वर्षी स्वतःचं घर हवं असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. राग माझा होता आणि नाव मी मायचं घेतलं. ती गेली तेव्हाही तिच्या कानावर घातलं नाही.

आखाजीच्या आधी मी नवापूरला येतो. साडी घेऊन. दाराशी उभा राहीन. आत घ्यावंसं वाटलं नाही तर साडी उंबऱ्यावर ठेवीन, दुपारची गाडी आहे परतीची.

मायवरचा राग तू सोडलास. तो ज्याचा होता त्याच्या नावावर कर.

योगराज

•

डिंडोली, सुरत
रविवार, १९ मे २०२४

प्रिय वहिनी,

तू गुरुवारी गेलीस आणि मी आज लिहायला बसलो. आठ दिवस घरात होतीस तरी मला जे बोलायचं होतं ते बोललो नाही. तू समोर असलीस की मी 'चहा घेतेस का' याच्या पुढं जात नाही. म्हणून पुन्हा पत्र. जे तुला माहीत आहे तेही लिहितो, कारण मला ते कुठंतरी लिहिलेलं हवंय.

नवापूरला तुझ्या दारी मी आलो तेव्हा हातात साडीची पिशवी. दार शालिग्रामभाऊंनी उघडलं. मी नाव सांगितलं. त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "शोभा, तुझं पत्र आलंय गं. या वेळी चालत आलंय." मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. बारा वर्षं मी ज्यांचं नाव घेतलं नाही ते हे.

तू आलीस. बघितलंस. म्हणालीस, "चपला बाहेर काढ, फरशी पुसलीय."

मी कुठंकुठं वाचलंय की अशा वेळी माणसं रडतात. तू मला जेवायला वाढलंस. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. मग मायचं विचारलंस, शेवटचे दिवस कसे गेले, काय खायची, कुणाला ओळखायची का. सगळं ऐकलंस. साडी मांडीवर घेतलीस, उघडली नाहीस. आणि मग बोललीस ते मी जसंच्या तसं लिहितो: "राग आहे मला. पत्र वाचून जास्तच आला. सासूबाईंवरचा माझा बारा वर्षांचा राग फुकट गेला ना रे. त्या बाईला मी मनात काय काय बोलले. तो आता लगेच जाणार नाही. जाईल. तू घाई करू नको."

मी घाई करणार नाही.

मग शालिग्रामभाऊ म्हणाले, "आखाजीला हिला माहेरी न्यायला कोणी मुराळी येत नाही. भाऊ होता तो गेला. आता मुराळी आलाच आहे तर पिशवी भर." तू म्हणालीस, पहिल्या सासरहून कुणी मुराळी येतो का कधी? ते म्हणाले, "आलाय ना. दारात उभा होता."

गाडीत व्यारा स्टेशन गेल्यावर तू सांगितलंस ते मी जयश्रीला अजून सांगू शकलो नाही. उखानं निरोप दिल्यावर तू लगेच गेली नव्हतीस. गेटच्या बाहेर जनरेटरचा टेम्पो उभा होता, त्याच्या आडून बघत होतीस. मंगलाष्टकं संपेपर्यंत. तिथून माझा फेटा दिसत होता म्हणालीस. टेम्पोवाल्यानं विचारलं, मुलीकडच्या की मुलाकडच्या? तू म्हणालीस, मुलाकडची. आणि घरून पदरात बांधून आणलेल्या अक्षता तिथूनच टाकल्यास. एकही माझ्यापर्यंत पोचली नसेल म्हणालीस, आणि खिडकीबाहेर बघायला लागलीस.

वहिनी, माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली. घर नीट चाललंय, पोरगी हसती-खेळती आहे, जयश्रीसारखी बायको मिळाली. मी समजत होतो हे सगळं तुला दुखावूनही मला मिळालं. तसं नव्हतं, तुझ्या अक्षता पोचल्या होत्या.

आता नानपुऱ्याचं. तिथं तुझ्याकडे बघताना मला काय वाटलं ते सांगतो. सगळे येतात ते पक्षी बघतात. तू आधी जोड बघितलास. नाक लावून. म्हणालीस, "इथं खळ जरा जाड झालीय." मयुरीबेन हसल्या, म्हणाल्या, बरोबर आहे, ती पहिल्या दिवशीची. मग त्यांनी तुला सांगितलं की चीनहून या कागदाबरोबर सुटे पक्षीही येत. जोड दिसला, डाग पडला, तर तो पक्षी कापून वरून चिकटवायचा. या खोलीत असे बारा त्यांनी दिवा तिरका धरून महिनाभर शोधले होते. तू भिंतीच्या कडेनं चालत गेलीस, दुसऱ्या खिडकीपाशी थांबलीस आणि म्हणालीस, "हा मागाहून लावलाय. याच्या शेपटीची कड उचलते." मयुरीबेननी भिंग लावलं. तेरावा निघाला. त्यांनी वहीत लिहिला, तारखेसकट.

खोरशेदबाई त्या दिवशी पुन्हा माडी चढल्या, फक्त तुझ्यासाठी. पुदिन्याचा चहा त्यांनी स्वतः कपात ओतला. तुझा हात हातात घेऊन बघितला, बोटांवरचे काड्यांचे जुने वण बघितले, आणि म्हणाल्या, "माझी आजी खोटं बोलत नव्हती, हे मला मरायच्या आधी कळलं. तुझ्यामुळे." तू लाजून मराठीत काहीतरी पुटपुटलीस. त्यांना समजलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

आखाजीला तू ती साडी नेसलीस. घडीवर चिरली होती दोन ठिकाणी, जयश्रीनं आतून रफू केलं. मायच्या फोटोसमोर तू बराच वेळ उभी होतीस. मी दाराआड होतो. तू काय बोललीस ते मी ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतं. बाहेर आलीस तेव्हा म्हणालीस, "सांगून टाकलं त्यांना." एवढंच. मला वाटतं त्या दिवशी या घरातली एक गोष्ट जिथं जायला हवी होती तिथं गेली.

उखा काल आला होता. म्हणाला, तो निरोप दिल्यापासून माझ्या घरची भाकर त्याच्या घशाखाली उतरायची नाही. काल दोन खाल्ल्या.

राग आहे तोवर राहू दे. तुझा राग असलेलं घर मला चालतं, तू नसलेलं चालत नव्हतं. तू आलीस, जेवलीस, रागावलीस, पोरीला पतंगाची काडी तासायला शिकवलंस, याबद्दल मी तुझा जन्माचा ऋणी आहे. शालिग्रामभाऊंचाही. त्यांना हे पत्र वाचून दाखव.

आधीच्या दोन पत्रांखाली मी नुसतं नाव लिहिलं. दीर लिहायची हिंमत नव्हती, ते नातं मी त्या गेटवर टाकलं होतं. आता शालिग्रामभाऊंनी दुसरं दिलंय. ते लिहितो, आणि जगेन तोवर दर आखाजीला ते निभावायला येईन.

तुझा मुराळी,
योगराज